पदराखालचा हात

नाटकात मला पहिली भूमिका मिळाली ती तोंडातून एक शब्दही न काढणाऱ्या म्हातारीची, आणि त्या रागाने मी जेवण टाकलं होतं असं आई पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. ते खोटं आहे. मी जेवत होते, फक्त कुणाशी न बोलता जेवत होते, आणि आमच्या घरात न बोलता जेवणं हा उपाशी राहण्याहून मोठा गुन्हा होता. मी सतरा वर्षांची होते. माझा आवाज बरा आहे असं सगळा वाडा, म्हणजे आमच्या आळीतला जो तो, म्हणायचा, त्यामुळे महिला मंडळाच्या नाटकात नवरीचं काम मलाच मिळणार हे मी मनात धरूनच चालले होते. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला देवळालगतच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, दुपारच्या वेळी बायकांचं नाटक व्हायचं. पुरुषांना तिथे मज्जाव. मिशा चिकटवून नवऱ्या-सासऱ्यांची कामंही आमच्याच बायका करत, आणि वर्षभर ज्यांच्या हाताखाली राबायचं त्यांचा आवाज काढून भर सभेत ओरडायला मिळतं म्हणून त्या कामांना भलतीच मागणी असे.

नाटक लिहायच्या आणि बसवायच्या सुमतीवहिनी. शाळेच्या हेडमास्तरांची बायको, अंगाने काटकुळी, बोलणं असं की हेडमास्तरसुद्धा अंगणातूनच कानोसा घेऊन मग घरात शिरत. त्यांचं त्या वर्षीचं नाटक लग्नघराचं होतं. घरात पाहुण्यांची गर्दी, आणि मधल्या खोलीत अर्धांगवायूने वाचा गेलेली सासू. हिला काही कळत नाही आणि हिच्या तोंडून काही फुटणार नाही, म्हणून घरातला एकेक जण येऊन तिच्याजवळ आपलं गुपित ओकून जातो. ते ऐकताना प्रेक्षकांनी हसायचं, आणि म्हातारीने पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत बसून राहायचं. हे काम करायला कुणी तयार नव्हतं. कारण भाषण नाही हे नव्हतं, कारण भीती हे होतं. वास्तू तथास्तु म्हणते. मेलेल्याचं सोंग घ्यायचं नसतं, लंगडं चालून दाखवायचं नसतं. आईने तर सुमतीवहिनींना तोंडावर सांगितलं, "घरांत एक आसा ती पुरो जाली."

घरात एक होती ती म्हणजे बायआते, माझ्या वडिलांची थोरली बहीण. पेडण्यात दिलेली, पण लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. बारावं झाल्यावर आजोबा बैलगाडी घेऊन गेले आणि तिला मयेला आमच्या घरी घेऊन आले. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती इथलीच, इतकी की आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातात स्वयंपाकघराचं राज्य नव्हे, नुसती भाजी चिरायची आदोळी पडली. तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण बायआतेने करावं आणि आईने वाढावं. सकाळी पाववाल्या पोदेराचा पोंपो, म्हणजे भोंगा, वाजला की उंडे पाव मोजून घ्यायलाही तीच पुढे. तिच्या शिस्तीतला सगळ्यात कडक कायदा डाव्या हाताचा. डाव्या हाताने घास तर सोडाच, पाण्याचा पेलाही कुणाला द्यायचा नाही, वस्तू दाखवायची नाही, बोलावताना हालवायचा नाही. माझ्या डाव्या मनगटावर तिने किती चापट्या मारल्या असतील त्याला गणती नाही. आमच्या घरासमोरून खनिजाचे ट्रक दिवसभर धडधडत, तुळशीच्या पानांवर तांबडी धूळ बसे, आणि त्या सगळ्या आवाजावर तिचा आवाज चढलेला असे.

मग एका सकाळी ती चुलीपुढे कलंडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डिचोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावी बाजू शाबूत आहे, डाव्या हाताने जेवू द्या, हळूहळू हालचाल वाढेल. आईने तिच्या डाव्या हातात चमचा दिला. बायआतेने ओठ घट्ट मिटले, चमचा खाली पडला, आणि तो हात पदराखाली गेला तो पुन्हा बाहेर आला नाही. थोडे दिवस आईने खटपट केली. शेवटी घरात ठरलं की मेंदूलाच धक्का बसला आहे, तिला काही उमजत नाही. त्यानंतर आई तिला भरवू लागली, उचलून न्हाऊ घालू लागली, आणि तिच्यासमोर सगळे असे बोलू लागले जसं माणूस कोनाड्यासमोर बोलतं. ती मधल्या खोलीत वॉल्तेरवर बसलेली असायची. वॉल्तेर म्हणजे लांब हातांची, मागे कललेली खुर्ची, आमच्याकडे जुन्या घरांतून असायची तशी.

शेवटी काम मीच पत्करलं, कारण दुसरं काही मिळेना. पहिल्या तालमीला मी तोंड वाकडं केलं, उजवा हात थरथरवला, मान एका बाजूला टाकून डोळे वर फिरवले. बायका घाबरल्या, त्यामुळे मला वाटलं की छान झालं. सुमतीवहिनींनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हें सोंग जालें गो, नलू. तिका कितें जालां तें तूं आमकां दाखयता. ती कोणाक कितें दाखयता? ती फकत बसल्या."

"म्हणजे नेमकं काय करू?" मी विचारलं.

"घरा वच आनी पळय. तुज्या घरांत आसा ती, आनी तूं म्हाका विचारता?" घरी जा आणि बघ, एवढंच त्यांचं शिकवणं.

आता मी नाटकाच्या शिबिरांना शिकवायला जाते. कंबरेला पट्टा, गुडघ्यात धातूचा सांधा, तरी जाते. मुलं मोबाइल उलटा ठेवून माझ्यासमोर बसतात आणि हाच प्रश्न विचारतात, स्थिर राहणं म्हणजे नेमकं काय करायचं. मी त्यांना मोठमोठे शब्द सांगत नाही. मी म्हणते, एक आजारी माणूस शोधा आणि त्याच्यासमोर बसा, पण बघायला नका बसू, सोबत बसा. ती मान डोलावतात. मग घरी जाऊन मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघतात, ते मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या खांद्यांवरून कळतं.

मी दुपारी बसू लागले. जेवणं आटोपून आई पाटावर डोकं टेकायची, वडील खाणीवर, ट्रकही त्या वेळी जरा विसावलेले. बायआतेच्या समोर एक कदेल, साधी खुर्ची, ओढून मी तिच्यासारखी बसायचे. पहिले काही दिवस नुसता छळ होता. नाकाला खाज येई, पायाला मुंग्या येत, माशी पापणीवर बसे. मी सगळं अंग आवळून धरायचे आणि थोड्याच वेळात घामाघूम व्हायचे. हळूहळू लक्षात आलं की न हालणं म्हणजे आवळणं नव्हे. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, पिठाची पिशवी ठेवावी तसा. बोटं आपल्या वजनाने उघडलेली, खांदा त्या वजनाने खाली ओढलेला. मी माझा उजवा हात तसा सोडायला शिकले. आधी बोटं सोडायची, मग मनगट, कोपर, मग खांदा आपोआप उतरतो, आणि खांदा उतरला की जबडाही सुटतो, जीभ तोंडात आडवी पडते. श्वास पोटात जातो. खाज येते, वाढते, आणि आपण दाद दिली नाही की निघून जाते. आंब्याच्या मोहराचा वास त्या दिवसांत खिडकीतून येत होता. त्या स्थितीत तो वास जसा नाकात शिरला तसा पुन्हा कधी शिरला नाही.

आणि अशी बसायला लागल्यावर मला एक गोष्ट दिसली, जी आईला रोज तिला उचलतानाही दिसली नव्हती. पदराखालचा तिचा डावा हात उजव्यासारखा पडलेला नव्हता. पदराची कड तिथे किंचित उचललेली असे, कोपर अंगाला चिकटलेलं असे, मानेची डावी शीर ताठ असे. मला ते ओळखू आलं, कारण पहिले काही दिवस मी स्वतः नेमकी तशीच बसत होते. तो हात गेलेला नव्हता. तो आवरून धरलेला होता. जन्मभर जो हात पुढे करायचा नाही असं तिने आम्हाला चापट्या मारून शिकवलं, त्याच हाताने आता घास घ्यायचा, त्याच हाताने खुणा करायच्या? तिने तो लपवला होता, आणि आम्ही बाकीच्यांनी त्यावरून तिचं डोकं गेलं असं ठरवलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी रडले नाही. मला फार राग आला, आणि कुणाचा ते कळेना.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, वाड्यावर सगळे म्हणाले असते की तालमी करून पोरीला वारं लागलं. मी जास्त वेळ बसू लागले. आईला माझ्या त्या बसण्याची इतकी सवय झाली की आधी ती दारातूनच "शिवशिव" म्हणायची, ते थांबलं, आणि पुढे पुढे मी तिथे आहे हेच ती विसरू लागली. एका दुपारी ती आली, बायआतेच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिचे पाय चेपू लागली. मी कोपऱ्यात होते. डोळे अर्धे मिटलेले, अंग पार सोडलेलं. आई हळू आवाजात बोलायला लागली.

"बाय, रागार जावं नाकात. म्हजी कंबर गेल्या. तुमकां उखलून न्हाणयतना एक दीस आमी दोगीय पडटल्यों. हांवेंच तांकां सांगलां, पेडण्यां निरोप धाडात म्हूण. रथसप्तमी जातकच तुमचो दीर येतलो." म्हणजे तिनेच वडिलांना सांगून बायआतेला न्यायला पेडण्याहून दिराला बोलावलं होतं. मग म्हणाली, "तुमकां समजना तें बरें. समजता जाल्यार म्हाका सांगपाक जावचें नाशिल्लें."

समजत असतं तर मला सांगता आलं नसतं, असं ती म्हणाली त्या क्षणी उठून आईवर ओरडावं असं मला वाटलं. पण मी उठले असते तर तिला कळलं असतं की मी ऐकलं. ही तिची बायआतेशी एकटीची गोष्ट होती, आणि माझ्यासमोर ती उघडी पडली असती तर तिला ते सोसलं नसतं. मी बसून राहिले. सगळं अंग पेटलेलं आणि एक बोटही हालत नाही, हे मला तालमीत कधी साधलं नव्हतं, ते तिथे साधलं. डोळ्यांच्या फटीतून मी बायआतेकडे बघत होते. 'पेडणे' हा शब्द आला तेव्हा तिच्या पदराचं कापड आत ओढलं गेलं. पदराखाली तिने मूठ वळली होती. आई पाय चेपत राहिली, तिला दिसलं नाही. मी मनात म्हटलं, हिला जायचं नाही. जिथे उभं आयुष्य काढलं तिथून हिला उचलून परक्यांच्या ओटीवर ठेवणार, आणि ती नको म्हणतेय, आणि ते फक्त मला कळलंय.

नाटकाच्या दिवशी अग्रशाळा भरून गेली होती. तिळगुळाच्या पुड्या, हळदीकुंकवाची तबकं, दारात चपलांचा ढीग, आणि पडद्यामागे मिशा सुटलेल्या एका सासरेबुवांची रडारड. मी बायआतेचंच एक जुनं लुगडं नेसले होते. आई पुढच्या रांगेत बसली होती, जरा अवघडून, कारण तिची लेक काय सोंग करणार याची तिला अजून धास्ती होती. पडदा वर गेला तेव्हा थोड्या बायका हसल्या. मग त्या माझ्याकडे बघायच्या थांबल्या, जसं घरात अशा माणसाकडे बघायचं थांबतो तसं, आणि समोरची गंमत बघू लागल्या. नवरदेव येऊन मला सांगून गेला की त्याला दुसरीच मुलगी आवडते. विहीणबाईंनी सांगितलं की लग्नातला मोठा हार पितळेचा आहे. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी बसले होते. उजवा हात वजनाने खाली, डावा पदराखाली.

शेवटच्या प्रवेशात सून येते. ही जागा हसायची नव्हती. सून सासूच्या पायाशी बसते आणि म्हणते, मी थकले, मला आता होत नाही, तुम्हाला माहेरच्या माणसांकडे पोचवणार आहे. आणि विचारते, "आई, तुम्हाला कळतं का हो, मी काय म्हणते ते?" इथे म्हातारीने काहीही करायचं नाही आणि पडदा पडायचा, असं ठरलेलं होतं. सून झालेली बाई आमच्या शेजारची होती आणि काम बरं करायची. तिने विचारलं. अग्रशाळेत तबकातल्या निरांजनाची वात तडतडली ती ऐकू आली. आणि माझी डावी मूठ वळली. मी वळली असं म्हणू शकत नाही, वळली एवढंच म्हणू शकते. पदर आत ओढला गेला आणि तसाच राहिला. मागच्या बायकांना काही दिसलं नसेल. पुढच्या रांगेत आईचा हात तोंडावर गेला, आणि पडदा पडायच्या आत ती उठून दाराकडे निघाली होती. वाण न घेता, कुणाला न सांगता.

सुमतीवहिनी पडद्यामागे आल्या. मला वाटलं पाठ थोपटतील. त्या म्हणाल्या, "ती मूठ हांवें बसयली नाशिल्ली."

"वाईट झालं का?"

"बरें जालें. पूण ती मूठ म्हातारेची न्हय, तुजी आशिल्ली. तुका कोणाक तरी कितें तरी सांगपाचें आशिल्लें. तुका सांगपाचें आसल्यार तोंडान सांग. नाटकाक कित्याक कामाक लायता?"

तेव्हा मला ते फार लागलं. पुढे पुष्कळ वर्षं कामं केली, बक्षिसं घेतली, तरी ते वाक्य पुसलं गेलं नाही. आजही कुणी मला विचारलं की त्या बाई बरोबर होत्या का, तर मी एका दिवशी हो म्हणेन आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणेन. ज्या घरात तोंडाने सांगितलेलं ऐकलं जात नाही तिथे माणसाने काय करावं, हे त्यांनी सांगितलं नाही. पण नट जेव्हा भूमिकेच्या अंगातून स्वतःचं गाऱ्हाणं मांडतो तेव्हा ते मला लांबून ओळखू येतं, आणि ते मला आवडत नाही. हे त्यांचंच शिकवणं.

लुगडं न सोडताच मी घरी धावले. आई मधल्या खोलीत होती, कपाळाला नुकतंच लावलेलं कुंकू, आणि बायआतेसमोर गुडघे टेकून बसलेली. वडील दारात उभे होते, त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. आई म्हणत होती, "बाय, तुमकां सगळें समजता न्ही? हांव उलयतालें तें सगळें आयकतालात न्ही?" बायआते तिच्याकडे बघत होती. मग आईने एक केलं, ते मला अजून नवल वाटतं, कारण ती भित्री बाई होती. तिने स्वतःचा डावा हात पुढे केला, तळवा वर करून. म्हणाली, "हात भायर काडात. दोस लागलो जाल्यार म्हाका लागूं."

मग पदर हालला आणि तो हात बाहेर आला. उन्हात कधी न गेल्यासारखा पांढरट झाला होता. आई रडत होती, पण बोलत राहिली. ती म्हणाली की दिराला येऊ नका म्हणून सांगते, कंबरेचं मी बघून घेईन, कुणी बाई ठेवू, तुम्ही कुठे जायचं नाही. "हांगांच रावतल्यात न्ही?"

हात जिथे होता तिथे राहिला.

आईने पुन्हा विचारलं. मला वाटलं बायआते दमली असेल. मी पुढे होऊन म्हटलं, "आते, इथेच राहायचं ना तुला?" तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. वडील मागून पुटपुटले, कितें पिशेपण तें. मग आईला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने आवाज खाली आणून विचारलं, "पेडण्यां वचपाचें आसा?"

बायआतेने आईचं मनगट पकडलं. असं पकडलं की बांगड्या एकमेकींवर आपटल्या.

ज्या घरासाठी ती तितकी राबली ते तिचं घर आहे का, हे आम्ही कधी तपासून पाहिलंच नव्हतं. आजोबा बैलगाडी घेऊन गेले तेव्हा तिला तिथे राहायचं होतं का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ती मूठ मी पाहिली, ओळखली, भर नाटकात करून दाखवली, आणि तिचा अर्थ मात्र माझ्या मनातला लावला. आई मोठ्यांदा रडली, बायआतेच्या दुखण्यात रडली नव्हती इतकं. मला वाटतं ती जायचं म्हणते म्हणून नव्हे, इथे राहायचं नाही म्हणते म्हणून.

रथसप्तमी झाल्यावर दीर जीप घेऊन येणार होते. आदल्या दिवशी आईने बायआतेची पेटी तिच्यासमोर आणून उघडली. पूर्वी तिने अर्ध्या तासात भरून टाकली असती. आता ती एकेक लुगडं बाहेर काढी, बायआतेपुढे उलगडून धरी, हे न्यायचं का म्हणून विचारी, "हें व्हरतल्यात?" आणि थांबे. हात उठायला वेळ लागे. कधी उठे, कधी नाही, कधी अर्धा उठून परत खाली येई आणि आई तेच लुगडं तसंच धरून बसे, हात भरून आले तरी. चुलीवर पेज उतू गेली. बाहेर ट्रकांची रांग लागली, सुटली. वडील येऊन बघून गेले आणि परत ओट्यावर जाऊन बसले. एक पेटी भरायला दुपारची संध्याकाळ झाली, आणि तेवढ्या वेळात आई एकदाही तिच्या वतीने बोलली नाही.